एक बाही लांब, एक आखूड

साळवे गेल्याची बातमी मला पेपरातून कळली. छोटीशीच बातमी होती, आणि तिच्यात लिहिलं होतं, 'साधी राहणी हे त्यांचे वैशिष्ट्य होते.' पुढच्या रविवारी परभणीत निवृत्त कर्मचाऱ्यांनी शोकसभा घेतली. तिथंही जो उठला तो हेच बोलला. पांढरा सदरा, काळी पँट, साधा माणूस. बोलणारे सगळे साळव्यांच्या शेवटच्या वर्षांत नोकरीला लागलेले. त्यांनी जे पाहिलं ते ते बोलले, त्यांचा दोष नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून होते आणि रडू येण्याऐवजी मला चीड येत होती. सभेत उभं राहून बोलणं मला कधी जमलं नाही. घरी येऊन लिहायला बसले, आणि लिहायलाही फार दिवस लागले.

साळव्यांची राहणी साधी नव्हती. अंगावर काय घालावं याचा इतका विचार करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि तो विचार त्यांनी केला कुठं, तर जिथं कुणीच करत नव्हतं अशा जागी.

आमचं ऑफिस कालव्याचं. ताडकळसच्या रस्त्याला, गावाबाहेर, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये. मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा परभणीहून एसटीनं जात असे. पहिल्या दिवशी आईनं कडक इस्त्रीची साडी नेसवून पाठवलं. आत गेले तर हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणत, बनियनवर बसलेले. सदरा खुर्चीच्या पाठीला टांगलेला. ओव्हरसियर लुंगीवर, डोक्यावर ओला पंचा. साहेबांची जीप वाजली की बडेबाबू सदऱ्यात एक हात घालत. डेप्युटी साहेब स्वतः रबरी चपलांत उतरलेले दिसले की दुसरा हात घालायची गरज उरत नसे.

कोपऱ्यात उतरत्या टेबलापाशी एकच माणूस पूर्ण कपड्यांत बसला होता. हळदीपेक्षा गडद आणि केशरापेक्षा फिकट अशा रंगाचा सदरा, नारळाच्या करवंटीची घासून केलेली बटणं, आणि छातीवरचा खिसा सरळ नसून तिरका. कपाळावर, केसांच्या खाली, त्याच कापडाची पट्टी बांधलेली. उजवी बाही मनगटापर्यंत, डावी कोपराच्या वर. मला वाटलं, शिंप्याकडून घाईत अर्धवट आणला असावा.

"बाई, बघू नका तसं," ते मान वर न करता म्हणाले. "चुकला न्हाई. असाच हाय."

साळवे ट्रेसर होते. इंजिनिअरनं कागदावर काढलेला नकाशा खळ लावलेल्या मेणचट निळसर कापडावर शाईनं उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. त्या ट्रेसिंग कापडाचा एकच शत्रू, पाणी. घामाचा थेंब पडला की खळ विरघळते, पांढरा डाग उठतो आणि शाई पसरते. परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, ज्याचा उजवा हात दिवसभर कापडावर टेकलेला असतो त्याला हे सांभाळायचं होतं. म्हणून उजवी बाही लांब, मनगटाशी दुहेरी. डावा हात नुसती पट्टी धरून असतो, त्याला वारा लागावा म्हणून आखूड. तिरका खिसा त्रिकोणी गुण्या बसावा म्हणून. कपाळाची पट्टी डोळ्यांवर आणि कापडावर घाम येऊ नये म्हणून.

ओव्हरसियर रोज विचारायचा, "काय साळवे, एकाच हाताला थंडी वाजायलीय का?"

"एकाच हाताला काम हाय साहेब," साळवे म्हणत. "दुसरा तुमच्यावाणी बसून हाय."

मग हसणं व्हायचं. त्या काळात ते सगळे हसू शकत होते.

या कापडाचं आणखी एक होतं. नकाशा रद्द झाला, की त्याचं ट्रेसिंग निकामी. ते फेकत नसत. नकाशे असलेल्या प्रत्येक ऑफिसात चाले तसं आमच्याकडंही चाले, पाळीनं एकेकानं ते घरी न्यायचं. गरम पाण्यात भिजवलं की खळ सुटते आणि खालून असं मऊ सुती कापड निघतं की बाजारात पैसे टाकूनही मिळू नये. बडेबाबूंच्या सगळ्या नातवंडांची झबली त्याची. त्यांच्या घरचा श्रीखंडाचा चक्का तर अख्ख्या तालुक्याच्या नकाशात बांधला जायचा. काळी शाई खळीबरोबर निघून जाई. कालव्याची निळी शाई मात्र चिवट, तिची पुसट रेघ राहायची. सोडा टाकून उकळलं तर तीही जाई.

साळव्यांनी त्या कापडाचे सदरे शिवायला घेतले ते मी लागायच्या आदल्या वर्षी. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दलितांच्या वस्त्या पेटल्या. त्यात साळव्यांचं गावाकडचं घर गेलं. हे ते मला एकदाच बोलले, टिपणीचा मजकूर सांगावा तितक्या सपाट आवाजात. त्या दिवशी बायको आणि दोन मुली ओढा ओलांडून पलीकडच्या धनगरांच्या वस्तीवर पळाल्या. बिराजी नावाच्या म्हाताऱ्यानं त्यांना मेंढरांच्या वाड्यात लपवलं, आणि त्याच्या बायकोनं पेटीतलं स्वतःचं लुगडं काढून साळव्यांच्या बायकोला दिलं. चौथ्या दिवशी साळवे कामावर आले ते बिराजीची बंडी घालून. ती त्यांच्या बेंबीच्या वरच थांबत होती.

"बडेबाबू मला म्हणाले, आज काय वेष काढलाव साळवे? त्यांना ठाऊक व्हतं सगळं. पर बोलायला दुसरं काय सुचंना असंल," साळवे म्हणाले. "मग त्यांनीच त्यांच्या पाळीचं कापड मला देलं. वाईट माणूस न्हाई त्यो. बंडीवर हसला आन् कापडबी देलं."

पहिला सदरा गरजेनं झाला. पुढचे हौसेनं. फाल्गुनात पळसाची फुलं उकळून केशरी, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, बाभळीच्या सालीत गंजका खिळा टाकून राखाडी. ताडकळसच्या बाजाराला रहीममास्तर मशीन घेऊन बसत, त्यांच्याकडं शिवायला टाकायचे. एकदा मला बाजारात भाजी घ्यायची होती म्हणून मी बरोबर होते. रहीममास्तरांनी कापड उलटसुलट करून बाजूला ठेवलं.

"साळवेसाब, मेरी इज्जत का सोचो जरा. लोगां बोलते, रहीम को नाप लेना नहीं आता."

"मग लोकांना सांगा, गिऱ्हाईकाचे हात लहानमोठे हायत."

"वो भी बोल के देखा. तो बोलते, तेरे पास ऐसे ही गिऱ्हाईक आते क्या."

तरी मास्तर शिवत, आणि नीट शिवत. कॉलर गोल कापायची ही त्यांचीच कल्पना. तिचा काठ मानेला चिकटत नाही, म्हणून साळव्यांनी ती ठेवली.

मला हे सगळं तेव्हा गमतीचं वाटे. सकाळी एसटीतून उतरताना आज साळव्यांच्या अंगावर काय असेल, हा एकच विचार असा होता की त्यानं त्या शेडमध्ये पाऊल टाकावंसं वाटायचं. गमतीच्या पलीकडं काही आहे हे मला कळलं ते निळ्या रेघेच्या सदऱ्यानं.

आमच्या कालव्याला एक फाटा निघणार होता. पहिल्या आखणीत तो ओढ्याच्या काठानं जाऊन बिराजीच्या वस्तीवरून पुढं जात होता. मेंढरांमागं फिरणाऱ्या त्या लोकांकडं खडकाळ, कोरडवाहू तुकडे होते. पाणी आलं असतं तर दरवर्षी उन्हाळ्यात वस्ती रिकामी करून मेंढरं गोदाकाठाला न्यायची वेळ आली नसती. साळव्यांनी तो नकाशा स्वतः उतरवला होता, आणि वस्तीवर जाऊन सांगितलंही होतं. मग आखणी बदलली. फाटा ओढ्याच्या अलीकडंच वळला आणि एका वजनदार माणसाच्या मळ्यातून निघाला. यात गुपित काही नव्हतं. ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत होतं की का बदलली, कुणासाठी बदलली. फक्त त्यावर कुणी बोलत नव्हतं. जुना नकाशा रद्द झाला आणि त्याचं कापड पाळीनं साळव्यांकडं गेलं.

त्यांनी त्याला सोडा लावला नाही. रंगही दिला नाही. पाठ एका अखंड तुकड्याची ठेवली, आणि सदरा घालून सोमवारी कामावर आले. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत फिकी निळी रेघ, मधे दोन वळणं. बडेबाबू म्हणाले, "शाई सांडली का काय?" साळवे म्हणाले, "व्हय, सांडलीच म्हणा."

काही दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बिराजी आला, फाटा पहिल्या आखणीनंच न्यावा म्हणून वस्तीनं केलेल्या अर्जाचं काय झालं ते विचारायला. नेहमीप्रमाणं त्याला बाहेरच्या ओट्यावर बसवून ठेवलं होतं. साळव्यांचं टेबल खिडकीशी, पाठ ओट्याकडं. म्हातारा बराच वेळ गजांतून बघत होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण ज्या ओढ्यात जन्मभर मेंढरं पाजली त्याची वळणं त्याला कशी चुकणार? त्यानं हात आत घालून साळव्यांच्या पाठीवर बोट ठेवलं.

"ह्यो वढा आमचा न्हवं का?"

"वढा न्हाई मामा, कालवा. तुमचाच हाय."

"आन् आमी कुठं?"

साळव्यांनी हात मागं नेला आणि कमरेच्या जरा वर, पाठीवर एक जागा दाखवली. "हितं."

पुढच्या आठवड्यात वस्तीवरची पाचसहा माणसं आली. नंतर बायका आल्या. अर्जाला उत्तर मिळत नव्हतं, म्हणून खिडकीशी उभं राहून ती माणसं पाठ बघत आणि निघून जात. दंगा नाही, घोषणा नाही. साळवे काम करत राहत. आत बसलेल्यांना मात्र ते सोसेना. ओव्हरसियरनं थट्टा बंद केली. बडेबाबू खिडकी लावून घ्यायला लागले आणि उकाड्यानं पुन्हा उघडायला लागले.

मग साहेबांनी साळव्यांना बोलावलं. माझं टेबल त्यांच्या खोलीच्या प्लायवूडच्या भिंतीला लागून होतं, त्यामुळं ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

"साळवे, तो सदरा घालत जाऊ नका."

"का साहेब?"

"लोक जमायलेत."

"लोक अर्जाचं इचारायला येतेत साहेब. जवाब भेटंना म्हणून माझी पाठ बघतेत."

"अहो, लाइन वरून बदलली. माझ्या हातात काय आहे? तो नकाशा रद्द झालेला आहे."

"रद्द झाल्यालाच घातलाय साहेब. चालू नकाशा कोण अंगावर घालंल?"

वाईट नव्हते साहेबही. पण नंतर म्हणाले, "मुली परभणीत शिकतात ना तुमच्या? बदली लांबची निघाली तर अडचण होईल."

"व्हईल की," साळवे म्हणाले. "तुमी लेखी हुकूम द्या साहेब. तोंडी नको. लिहून देलं की मी पाळतो."

हुकूम निघाला. एका माणसाच्या एका सदऱ्यासाठी आहे असं दिसू नये, म्हणून तो सगळ्यांसाठी काढावा लागला. टाइप मीच केला. 'सर्व कर्मचाऱ्यांनी कार्यालयास शोभेल असा पूर्ण व एकरंगी पोशाख करावा. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या समान लांबीच्या असाव्यात. कपड्यांवर कोणत्याही प्रकारची आकृती अथवा रेषा नसावी. डोक्यास व कपाळास काही बांधू नये.' पट्टेदार सदरे घालणाऱ्या ओव्हरसियरनं तो वाचला आणि स्वतःकडं पाहिलं. बडेबाबूंची बनियन गेली, पंचे गेले, लुंगी गेली. आणि यातलं कुणीही साहेबांवर चिडलं नाही.

"तुमच्या त्या सदऱ्यापायी आमचा जीव उकडायलाय," बडेबाबू साळव्यांना म्हणाले. "काय मिळवलंत?"

साळवे दुसऱ्या दिवशीपासून पांढऱ्या सदऱ्यात यायला लागले. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत. बिराजी खिडकीशी आला, तर समोर कोरी पाठ.

"आज कालवा कुठं ठिवला?"

"घरी हाय मामा. हितं आता आनता येत न्हाई."

साळव्यांनी तो सदरा बिराजीला देऊन टाकला. वस्तीवरची माणसं तो घेऊन परभणीच्या मोठ्या ऑफिसात गेली. काय झालं ते बिराजीनं येऊन ओट्यावरून सांगितलं. तिथल्या कारकुनानं सदरा कॉलरला धरून उचलला आणि विचारलं, हे काय आणलंय? नकाशा हाय, यांनी सांगितलं. कारकून म्हणाला, नकाशाला बाह्या असतात का? बिराजी म्हणाला, "म्या म्हनलं, ह्याला हायत्या. एक लांब हाय, एक आखूड हाय." ओट्यावर सगळे हसले. बिराजीही हसला. फाटा मळ्यातूनच खणला गेला आणि उन्हाळ्याला वस्ती गोदाकाठाला निघून गेली.

इथपर्यंतचं मी समजू शकते. जे मला आजही पचत नाही ते यापुढचं आहे.

पावसाळा लागायच्या आत बडेबाबूंचा सदरा खुर्चीवर परत आला. ओव्हरसियरचे पट्टे आले. साहेब बदलून गेले आणि नवे साहेब पायजम्यावर यायला लागले. तो हुकूम अख्ख्या ऑफिसात एकटे साळवे पाळत राहिले. वर्षानुवर्षं. मे महिन्यात दोन्ही मनगटांची बटणं लावून, डाव्या हातावर घामोळं उठलेलं, कपाळ मोकळं. एकदा आठवडाभर खपून पुऱ्या केलेल्या नकाशावर त्यांच्या कपाळावरून घामाचा थेंब पडला. शाई पसरली. त्यांनी ते कापड बाजूला सारलं, नवं लावलं, शाई नीट धरावी म्हणून त्यावर खडूची पूड घासली आणि पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. माझा धीर सुटला.

"साळवे, बांधा ना ती पट्टी. कोण बघतंय आता?"

"हुकूम रद्द झालाय का?"

"कोण पाळतंय तो?"

"मी."

मी बडेबाबूंकडं गेले आणि म्हटलं, तेवढा एक हुकूम रद्द करा. ते म्हणाले, "कुठला हुकूम?" त्यांना खरंच आठवत नव्हता. शेड गळून फायली भिजल्या तेव्हा आमची प्रतही गेली होती. नवे साहेब म्हणाले, असा हुकूम निघाला असेल असं वाटत नाही, पण रद्द करायचा तर मूळ क्रमांक लागेल. साळव्यांकडं त्यांची स्वतःची प्रत होती. मी ती मागितली.

"मी कशाला देऊ?" ते म्हणाले. "त्यांनी काढलाय, त्यांनी हुडकावा."

या जागी मला साळव्यांचाच राग यायचा. अजूनही येतो. तुम्ही हे कुणाला दाखवताय, असं मी त्यांना एकदा तोंडावर विचारलं होतं. ज्यांना दिसावं म्हणून चाललंय त्यांना काही दिसत नाही, आणि अंग तुमचं भाजतंय. त्यांनी रुलिंग पेनाचं टोक पुसलं, उजेडाकडं धरून पाहिलं, आणि मला म्हणाले, "बाई, च्या आलाय, थंड व्हायलाय." त्यांच्या हट्टानं कुणाचं काही बिघडलं नाही, हेच मला सोसत नव्हतं. नवी माणसं आली, त्यांना वाटलं साळवे साधे आहेत. साधे, शिस्तीचे, म्हणून कौतुकही व्हायचं. साळवे ते ऐकून घ्यायचे. एकदाही कुणाचं म्हणणं त्यांनी खोडलं नाही.

ज्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव अखेर बदललं, त्याच वर्षी ते निवृत्त झाले. नामांतराच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते, प्रत्येकाच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवले. बडेबाबूंच्या जागी आलेल्या गृहस्थानं विचारलं, "खूश का साळवे?"

"खूश हाय की," ते म्हणाले. "पाटी बदलायला एवढी वर्सं लागली. कालवा बदलायला किती लागतेल, त्यो हिशेब करायलोय."

त्या गृहस्थाला कुठला कालवा ते माहीत नव्हतं. तो पेढा खात हसला.

निरोपसमारंभालाही साळवे पांढऱ्यातच आले. मी मनाशी धरून होते की निदान हार घालून घ्यायला तरी ते केशरी सदरा घालतील. नंतर वाटलं, अजून आजचा दिवस नोकरीतच धरला जातो, त्यांचं काटेकोरपण मला माहीत होतं. उद्यापासून तर मोकळे.

पंधराएक दिवसांनी ते मला परभणीच्या स्टँडवर दिसले. पालमच्या गाडीची वाट बघत उभे होते, तिकडं धाकट्या मुलीला दिलं होतं. पांढरा सदरा, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. माझा इतका विरस झाला की नमस्कारही न करता मी म्हणाले, "आता तर हुकूम तुम्हाला लागू नाही."

"न्हाई ना."

"मग?"

त्यांनी एकदा दोन्ही मनगटांकडं पाहिलं.

"ते कामाचे कपडे व्हते बाई. टेबलावर बसायसाठी केलते. आता घरी बसून एक बाही लांब ठिवून काय करू?"

गाडी लागली. गर्दी खूप होती, साळवे शेवटी चढले आणि दारातच दांड्याला धरून, आतल्या बाजूला तोंड करून उभे राहिले. कंडक्टरनं दार ओढलं, पण ते पुरतं लागलं नाही. गाडी फाटकातून वळेपर्यंत त्या फटीतून त्यांची पाठ दिसत होती. मी वाचायची सवय असलेली बाई. ती पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्यावर काहीतरी शोधत होते. ती स्वच्छ धुतलेली होती.